पाळण्याची कडी

सापगावात भातसा नदीच्या काठाजवळ देवजींनी नवं घर बांधलं तेव्हा त्यांनी सगळ्याचा विचार केला होता. तुळस कुठे, चपला कुठे, पावसाळ्यात छत्र्या कुठे निथळाव्यात, मांजराने आत कुठून यावं. शहापूरच्या कचेरीत जन्मभर कारकुनी करत आलेला माणूस. विसरणं हा त्यांच्या लेखी गुन्हाच. त्या घरात विसरलेली गोष्ट एकच निघाली, आणि ती निघाली लेक हर्षाली माहेरी बाळंत झाल्यावर. हर्षालीला आणि तान्हीला माजघरात निजवून धोंडीबाईंनी पदर खोचला, माळ्यावरचा सागवानी पाळणा खाली काढला, त्याच्यावरचे लाकडी राघू एकेक करून पुसले, साखळ्या हातात घेतल्या आणि वर पाहिलं. वर पांढरंशुभ्र, गुळगुळीत, एका कडीचाही डाग नसलेलं सिमेंटचं आभाळ होतं.

जुन्या घरात हा प्रश्न कधी आलाच नव्हता. तिथे आडवी तुळई होती, तिला देवजींच्या आज्याच्या काळची कडी होती, आणि त्या कडीने घरातलं प्रत्येक पोर आपल्या कुरकुरीवर निजवलं होतं. स्लॅब पडत होता त्या दिवशी धोंडीबाई खालून ओरडून कडीचं म्हणाल्याही होत्या. देवजी तेव्हा कामगारांना जिलबी वाटत होते. ते वरून म्हणाले होते, "आता कोनाला पाळण्यात घालायचंय?" हे वाक्य त्यांनी फार हसत म्हटलं होतं, आणि अशी वाक्यं घर लक्षात ठेवतं.

आता इथे धोंडीबाईंविषयी एक सांगायला हवं. त्या नवऱ्यावर कधी रागावत नसत. त्या ओवी म्हणत. जातं गेलं, उखळ गेलं, पण तांदूळ निवडताना, भाकरी थापताना ओवी चालूच. आणि संसाराच्या इतक्या वर्षांत देवजींना साहेबाच्या मेमोची वाटली नाही इतकी भीती त्या सुराची वाटत आली होती. त्या दुपारी सुपातले खडे वेचता वेचता त्यांनी हलक्या आवाजात सुरू केलं:

सिमेंट आणलं गाडीनं, लोखंड आणलं भारानं
पाळणा बांधू कशाला, सांगावं घरधन्यानं

घरधन्याने चष्मा पुसला.

वास्तविक पुढच्या खोलीत पंख्याची कडी होती. पण तान्ह्या जिवाला उंबऱ्यासमोर, येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेत टांगायचं का, असं विचारायची सोयच नव्हती. धोंडीबाईंनी नुसतं मीठमोहऱ्यांच्या डब्याकडे पाहिलं. लोखंडी घोड्यावरचा पाळणा बाजारात मिळतो, हेही देवजींना ठाऊक होतं. तेवढ्यात मुरबाडहून जावयाचा, हरेशचा, फोन आला. आई म्हणत होती म्हणे, की पाळणा आजोळचा, जागा माजघराची, आणि घोडाबिडा नको. बारशाला पाळणा वरून टांगलेलाच हवा. आई म्हणजे विहीणबाई, जनाबाई. लग्नात वरणात मीठ कमी पडलं होतं ते त्यांनी अजून पाण्यावर लिहिलं नव्हतं.

शेजारच्या भागीरथीकाकू रोज न चुकता येऊन छत बघून जाऊ लागल्या. छिन्नी-हातोडा घ्यायला त्यांचा सक्त विरोध होता. त्यांच्या दिराने असंच स्लॅबला ठोकलं, तर तेव्हापासून दर पावसाळ्यात त्याच्या ताटात बरोबर भाताच्या मुदीवर थेंब पडतो, आणि दीर काही जागा बदलत नाही. मग राहिला वायरमन बुधू. त्याच्याकडे भोक पाडायचं मशीन होतं, पण लाइटवर चालणारं. आणि त्या वर्षांत आमच्या तालुक्यात दिवसाची लाइट लाडक्या पाहुण्यासारखी वागे. येते म्हणायची, यायची नाही, आली तर कुणाला न विचारता निघून जायची. शिवाय बुधू जागेवर होताच कुठे? पौषाची पुनव जवळ आलेली, तो मशीन खांद्यावर टाकून म्हसाच्या जत्रेत दिवे लावायला गेलेला. शहापूर-मुरबाडमधला ज्याला म्हणून पक्कड धरता येते असा प्रत्येक माणूस त्या दिवसांत म्हसालाच असतो.

कचेरीत कुणीतरी बॅटरीवरच्या ड्रिलचं नाव काढलं, आणि देवजींचा घास गोड लागेनासा झाला. तोवर फायलींवर माना टाकून बसलेली सगळी कचेरी ड्रिलची जाणकार निघाली. कुणी म्हणे व्होल्ट बघा, कुणी म्हणे व्होल्ट कसले बघता, पीळ बघा. एकजण म्हणाला, पाळण्याची कडी म्हणजे जोखीम, मी असतो तर घेतली नसती. तो तेवढंच म्हणून चहाला गेला. देवजींच्या मनात मात्र ते वाक्य गेलं नाही. डोळे मिटले की त्यांना कडी दिसे. कडी निसटताना दिसे. पुढचं दिसू नये म्हणून ते डोळे उघडत, तर समोर छत.

ड्रिल घ्यायला ते मुरबाडला गेले, आणि सोबत चांगोमामांना घेतलं, ही पहिली चूक. चांगोमामा हे धोंडीबाईंचे थोरले भाऊ, म्हसाच्या पलीकडच्या गावचे. जत्रेत बैल पारखावा तर त्यांनीच, असा त्यांचा लौकिक. शेपटीचा गोंडा बघून ते बैलाच्या आजीचा स्वभाव सांगत. अशा माणसाला 'पारखायचं आहे' एवढं कळलं की काय पारखायचं आहे ते विचारायची गरज उरत नाही.

मुरबाडच्या त्या दुकानात सुरज नावाचा तरणा मालक होता. त्याने फळीवर यंत्रं मांडली. चांगोमामांनी फेट्याचं टोक खांद्यावर टाकलं आणि दावणीवरून फिरावं तसे ते फळीवरून फिरले. लांब नळीचं एक ड्रिल उचलून त्यांनी आधी त्याचं तोंड फाकवलं. भोक पाडणारं टोक, म्हणजे बिट, धरायच्या तीन पकडी आत दिसत होत्या. "दातांत फट हाय. आनि तोंड बघा केवढं लांब. लांब तोंडाचा जनावर खातो जास्त, ओढतो कमी." ते बाजूला गेलं. मग त्यांची नजर दुसऱ्यावर स्थिरावली. आखूड मान, भरलेलं वशिंड, तोंड मिटलेलं. त्यांनी पाठीवर थाप मारली, मुठीत धरून वजन केलं, सुरजला म्हणाले, चाल दाखव. सुरजने खटका दाबला तसं ते असं काही गुरगुरलं की शेजारच्या बादल्या थरथरल्या. "ह्यो खरा," चांगोमामा म्हणाले. "दाजी, डोळे मिटून घ्या."

सुरजने नीट सांगितलं. देवजींनी ते नीट ऐकलंही. हीच पुढे त्यांना खात राहिलेली गोष्ट. तो म्हणाला, "काका, हा इम्पॅक्ट ड्रायव्हर. स्क्रू पिळायला एक नंबर. पन स्लॅबला भोक पाडायचं तर तो लांबवाला न्या, हॅमरवाला. तो फिरता फिरता ठोकतो."

देवजींनी मेव्हण्याकडे पाहिलं. भर बाजारात मेव्हण्याची पारख खोटी पाडायची, म्हणजे ती बातमी एसटीच्या आधी सापगावला पोचणार; मग पुढच्या हंगामाच्या सगळ्या ओव्या तिच्यावरच. देवजी म्हणाले, "इम्पॅक्ट म्हणजे जोर जास्तच असेल." आणि आखूड मानेचं ते देखणं जनावर पिशवीत घालून, मांडीवर घेऊन, किन्हवलीच्या वळणांवर त्याला सांभाळत घरी आणलं.

घरी बघ्यांची कमतरता नव्हती. हर्षाली बाळाला घेऊन भागीरथीकाकूंकडे गेली, आणि तिकडची सगळी माणसं इकडे आली. देवजी टेबलावर चढले. तोंडाला रुमाल, डोळ्यांवर चष्मा, त्यावर जावयाचा गॉगल. खटका दाबला. यंत्र गुरगुरलं, टरटरलं, देवजींच्या कोपरापासून कवळीपर्यंत सगळं हाललं. छत हाललं नाही. गिलाव्याचा पापुद्रा तेवढा निघून त्यांच्या भुवईवर बसला. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. बऱ्याच वेळाने खाली उतरून सगळ्यांनी वर पाहिलं, तर हरभऱ्याची डाळ बसेल एवढी खोक पडली होती. देवजी म्हणाले, सुरुवात तर झाली. स्वयंपाकघरातून सूर आला:

भावानं पारखून दिला, बैल मुरबाडी बाई
दिसाया लई देखणा, औताला चालत नाई

ओवीत भाऊही आला, तेव्हा चांगोमामांना राहवलं नाही. दुसऱ्या दिवशी ते स्वतःच ती पिशवी घेऊन सुरजच्या दुकानात उभे राहिले. सुरज म्हणाला, वापरलेला माल परत होत नाही. चांगोमामा म्हणाले, बैलाच्या बाजारात औताला जुंपून पाहिल्याशिवाय सौदा पुरा होत नाही. जुंपला, खोडीचा निघाला, परत आणला. मुरबाडात धंदा करतोस ना, मग म्हसाचा रिवाज तुला लागू नाही का? सुरजचा बाप जत्रेत घोंगड्या विकत वाढलेला. तो बराच वेळ डोकं खाजवत राहिला आणि शेवटी त्याने लांब तोंडाचा हॅमरवाला काढून दिला. वर एवढंच म्हणाला, की मामा, ह्याला आधी पोटभर चार्ज करा. चांगोमामांनी ते 'चारा' या अर्थी बरोबर समजून घेतलं.

अडचण चाऱ्याचीच होती. दिवसाची लाइट नाही म्हणून बॅटरीचं ड्रिल आणलं, आणि बॅटरी खाते लाइट. हे देवजींच्या लक्षात चार्जर हातात घेतल्यावर आलं. कचेरीतल्या एकाही जाणकाराने हे सांगितलं नव्हतं. लाइट दिवसा काय, रात्री काय, अवचितच यायची. आली की अख्ख्या आळीचे मोबाइल देवजींच्या दारात, कारण व्होल्टेज त्यांच्याच घरी बरं. चार्जरचा लाल दिवा लावून देवजी आंघोळीला जात, परत येऊन बघत तर त्या जागी भागीरथीकाकूंचा मोबाइल, आणि चार्जर शेजारी हात बांधून बसलेला. काकू म्हणत, "वाईच लावलाय. लेकीचा फोन यायचाय." बारसं तर जवळ येत चाललेलं. शेवटी अर्ध्या पोटाच्या बॅटरीवर देवजी पुन्हा टेबलावर चढले. आणि काय सांगावं, हॅमरवाला खरोखर ठोकू लागला. सिमेंटची पिठी झरझर खाली आली, बिट आत शिरली, बोटाच्या दोन पेरांएवढी गेली. मग यंत्राचा आवाज घोगरा झाला, म्हाताऱ्याने गोष्ट सांगता सांगता पेंगावं तसं ते मंदावलं आणि थांबलं.

अर्धं भोक म्हणजे सबंध चिंता. त्यात कडीही बसत नाही आणि मनही. तिसऱ्या प्रहरी एक कुंभारीण माशी चिखलाचा गोळा घेऊन आली आणि भोकाची पाहणी करून गेली. तिला लाइट लागत नव्हती.

हर्षाली बाळाला मांडीवर घेऊन वर बघत बसली होती. ओल्या बाळंतिणीचा तो पांढुरका चेहरा, कानाला घट्ट बांधलेला फडका. ती हळूच म्हणाली, "बाबा, ती पडनार नाय ना?"

देवजींना वाटलं ती कडीविषयी विचारते आहे. मग कळलं, ती लेकीविषयी विचारते आहे. 'नाय गो' एवढे दोनच शब्द म्हणायचे होते. जन्मभर लोकांना 'होईल तुमचं काम' म्हणत आलेल्या माणसाच्या तोंडून ते निघाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे बारशाच्या आदल्या दिवशी, ते बॅटरी आणि चार्जर जेवणाच्या डब्याच्या पिशवीत घालून म्हसाला गेले. जिथे वायरमन, तिथे लाइट. चांगोमामा तिथे होतेच. जत्रा भरात आलेली. बैलांच्या रांगा, धुळीत न्हालेला गुलाल, रुमालाखाली बोटं दाबून चाललेले सौदे, घोंगड्यांचा वास, तेलात फुगणारी भजी. बुधू आकाशपाळण्याच्या जनरेटरजवळ सापडला. त्याने तक्रार न करता एक वायर सोडून दिली आणि म्हणाला, "बसा दादा. पन नजर ठेवा, इथं बॅटरीच काय, चप्पल पन राहत नाय."

तसे देवजी जनरेटरशेजारी फळकुटावर बसले. कचेरीचा इस्त्रीचा शर्ट, मांडीवर चार्जर, लाल दिव्यावर नजर. ओळखीचे लोक भेटत. साहेब, इथे काय, म्हणत. देवजी म्हणत, जरा काम होतं. जनरेटर डिझेलसाठी थांबे तेव्हा त्यांचंही काळीज थांबे. आणि सगळा वेळ डोक्यावरून तो प्रचंड पाळणा फिरत होता. माणसं वर जात होती, खाली येत होती; बायका पदर तोंडाला लावून किंचाळत होत्या, पोरं हसत होती. देवजींना माणसं दिसतच नव्हती. त्यांना फक्त बोल्ट दिसत होते. एवढी लेकरं, एवढे जीव, आणि सगळं चार लोखंडाच्या दांड्यांवर. न राहवून त्यांनी पाळणेवाल्याला विचारलं, की तुला झोप लागते का?

तो खुशाल शेंगा खात होता. म्हणाला, सकाळी पहिला फेरा घेतल्याशिवाय मी गिऱ्हाईक बसवत नाय. कुणाला बसवतो, असं देवजींनी विचारलं.

"मेव्हन्याला."

देवजींनी वळून आपल्या मेव्हण्याकडे पाहिलं. चांगोमामा गोडी शेव खात होते. ते भरल्या अंगाचे होते, वजनाला एकदम योग्य. त्यांनी ती नजर ओळखली. जन्मभर बैल पारखणाऱ्याला आपण पारखले जातोय हे कळणारच. "दाजी," ते शेव गिळून म्हणाले, "मला कसली भीती? पन भोक तुमी पाडनार. ज्याचं भोक त्याचा फेरा."

संध्याकाळी दिवा हिरवा झाला. तेवढ्या जत्रेत इतका सुंदर दिवा दुसरा नव्हता. देवजींनी म्हसोबाला लांबूनच हात जोडले, कारण बॅटरी सोडून जवळ जायचा धीर नव्हता.

बारशाच्या दिवशी सकाळी हर्षाली आणि बाळ पुन्हा काकूंकडे गेली. देवजी टेबलावर चढले, यंत्र ठोकू लागलं, आणि बघता बघता भोक पुरं झालं. फुंकर मारून त्यांनी आतली पिठी काढली, ती सगळी स्वतःच्याच डोळ्यांत घेतली, आत पसरून घट्ट बसणारा फास्टनर घातला, पाना लावून कडी आवळली. कडी बसली. आता ती खरोखर बसली आहे की बसल्यासारखं करते आहे, हे कोण सांगणार? देवजी लोंबकळून बघणार होते, पण क्षणभर लोंबकळणं वेगळं आणि झोका वेगळा. म्हणून धोंडीबाईंच्या जुन्या नऊवारी लुगड्याची झोळी कडीला बांधली. बारशाला लागणारा पाटा-वरवंटा घासून तयार होताच. देवजी झोळीत बसले, आणि खात्रीला आणखी खात्री म्हणून चांगोमामांनी तो दगडी पाटा त्यांच्या मांडीवर ठेवला.

झोळीचा एक स्वभाव असतो. आत गेलेल्याला ती मिटून घेते. देवजींचे गुडघे हनुवटीला लागले, हात पाट्याखाली अडकले, लुगड्याचे काठ डोक्यावर एकत्र झाले. चांगोमामा हलके हलके झोका देऊ लागले. कडी कुरकुरली नाही. देवजींनी आतून विचारलं, वर काही हलतंय का? तेवढ्यात बाहेर जीपचा आवाज झाला आणि चांगोमामा 'कोन आलं बघतो' म्हणून गेले. दुपारी यायची ती मुरबाडची मंडळी सकाळीच आली होती.

बायकांची पावलं माजघरात आली. बांगड्या थांबल्या. कुणीतरी झोळीचा काठ बाजूला केला, आणि उजेडात देवजींना जनाबाईंचा चेहरा दिसला. देवजींच्या भुवयांवर सिमेंट होतं. नमस्कार करायला हात मोकळे नव्हते. ते नुसतेच "या" म्हणाले, आणि झोळी थोडी गोल फिरली, म्हणून पुढचं स्वागत त्यांनी भिंतीला केलं.

झोळी परत वळली तेव्हा जनाबाई तशाच उभ्या होत्या. "व्याही," त्या म्हणाल्या, "बारसं कोनाचं हाय नक्की?"

मागच्या बायकांनी पदरात तोंडं लपवली. पण जनाबाई हसल्या नाहीत. त्यांनी झोळीचे दोन्ही काठ मुठीत धरले, आणि देवजी, पाटा, लुगडं यांच्यासकट सगळ्याला आपल्या अंगाचा भार देऊन खाली ओढलं. मग मान वर करून कडीकडे बघत राहिल्या. बराच वेळ. "हलत नाय," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग चांगोमामांना हाक मारली, पाटा उचलवला, आणि व्याह्यांना शेंगेतून दाणा काढावा तसं बाहेर काढलं.

बारसं यथासांग झालं. पाळणा कडीला चढला, राघू डुलू लागले. आधी नटवलेला वरवंटा पाळण्यात गेला, मग तान्ही. आत्याने कानात नाव सांगितलं, रविना. बायकांनी पाळणा धरला. सगळ्यांचे डोळे बाळाकडे होते. देवजी मात्र पाळण्याखाली ओंजळ धरून वाकून उभे होते. पेढे आले तरी त्यांची ओंजळ हलली नाही, म्हणून भागीरथीकाकूंनी पेढा तिथेच ओंजळीत ठेवला. शेवटी हर्षाली म्हणाली, "बाबा, हात काढा आता. निजली ती."

देवजींनी हात काढले. पाळण्याची साखळी तेवढी एका लयीत बोलत होती, जुन्या तुळईच्याच आवाजात. आणि धोंडीबाईंनी सूर लावला:

लोखंडाची कडी, तिला सोन्याची काय सर
आज्याचा जीव टांगला, माझ्या बाळाच्या डोईवर

नवऱ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. ओवी म्हणताना त्या कधीच पाहत नसत.

जेवणं झाल्यावर जनाबाईंनी देवजींना ओटीवर बाजूला घेतलं. देवजी मनातून तयार होते. मीठ निघणार, झोळी निघणार, काय काय निघणार. जनाबाईंनी आधी आजूबाजूला कुणी नाही असं बघितलं.

"ते मशीन," त्या खाली बघत म्हणाल्या, "तुमचंच हाय ना? दोन-चार दिसांसाठी मिळंल का? आमच्या स्लॅबात पन कडी नाय. हरेशच्या बाबांना तवा धा वेळा सांगितलं होतं. ते म्हनले, आता कोनाला पाळण्यात घालायचंय." मग त्या म्हणाल्या, "महिना-सव्वा महिन्यात पोर आमच्याकडं येईल. म्हटलं, आधी बघू तरी तुमी कसं करताय. म्हनून तर फोन केलता, टांगलेलाच हवा म्हनून."

देवजींच्या छातीत किती दिवसांनी मोकळा वारा शिरला. ज्या बाईच्या धाकाने आपण मुरबाडपासून म्हसापर्यंत धावलो, ती बाईही वरती बघतच बसली होती. ओसरीवरून चांगोमामांनी तेवढ्यात ऐकलंच. ते म्हणाले, न्या की, बैल उसना द्यायला काय, फक्त चाऱ्याचं तुमी बघा.

"उसना नाय देनार," देवजी म्हणाले. जनाबाईंचा चेहरा पडला.

देवजी घरात गेले. झोपलेल्या नातीच्या पाळण्याखालून, कुणाला धक्का न लावता, त्यांनी ड्रिलची पिशवी घेतली. मग दोरीवर टाकलेलं धोंडीबाईंचं ते जुनं लुगडं काढलं, त्याची नीट घडी केली आणि तीही पिशवीत ठेवली.

"मशीन घेऊन मीच येतो," ते म्हणाले. "आनि पाटा तुमच्याकडचा काढून ठेवा. पहिला फेरा माझाच."